आउटलॉ कंट्री ऐकायला सुरुवात कुठून करावी?

कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना काउबॉय हॅट आठवते आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी हमखास गायलेलं जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स'. त्यापुढे गाडी सरकत नाही. माझीही बरीच वर्षं तिथेच अडली होती. मग एकदा 'आउटलॉ' नावाची तयार प्लेलिस्ट लावली, पंचवीसेक गाणी सलग ऐकली आणि वैतागून बंद केली. जाडेभरडे पुरुषी आवाज, ट्रक, दारू, तुरुंग, पुन्हा दारू. सगळं एकाच सुरात चाललंय असं वाटलं.

चूक माझीच होती. मी मागच्या दाराने आत शिरलो होतो. आउटलॉ हे १९७०च्या दशकातलं कंट्रीतलं बंड, नॅशव्हिल या कंट्रीच्या राजधानीतल्या ठरीव पद्धतीविरुद्धचं. हा बाज ज्याच्या विरोधात उभा राहिला ते ऐकलेलंच नसेल, तर यात बंड नेमकं कुठे आहे हे कानाला कळणार कसं? म्हणून हा क्रम. रोज तासभर दिलात तर आठवड्याचं काम आहे.

आणखी एक. 'आउटलॉ' म्हणजे फरार गुन्हेगार, पण या शब्दाने फसू नका. यातले दोन मुख्य गडी, वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन, ज्यावरून रेकॉर्ड कंपन्यांशी भांडले त्या गोष्टी अगदी कारकुनी वाटाव्यात अशा आहेत. रेकॉर्डिंगला साथीला कोण बसणार? स्टुडिओ कुणाचा? ड्रमचा आवाज किती ठेवायचा? शेवटचं मिक्सिंग कोण मंजूर करणार? सगळं भांडण करारातल्या कलमांचं होतं. गंमत अशी की त्या कलमांचा निकाल रेकॉर्डवर चक्क ऐकू येतो.

पहिली पायरी: आधी समोरचा पक्ष ऐका

सुरुवात गायिका पॅट्सी क्लाइनच्या 'क्रेझी'पासून करा. साल १९६१. हे आउटलॉ गाणं नाही, उलट नॅशव्हिलच्या त्या काळच्या गुळगुळीत घडणीचा हा सर्वोत्तम नमुना आहे. निर्माता ओवेन ब्रॅडली. मागे फ्लॉइड क्रेमरचा घरंगळत येणारा पियानो आणि जॉर्डनेअर्स या पुरुष गायकांचा मऊ कोरस. त्याच वर्षी पॅट्सीला मोठा मोटार अपघात झाला होता. बरगड्या दुखत असल्याने पहिल्या दिवशी वरचे सूर लागेनात, म्हणून तिने नंतर पुन्हा येऊन गायन रेकॉर्ड केलं. ऐकताना याचा मागमूसही लागत नाही. एवढी सफाई.

१९५०च्या दशकाअखेरपासून चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी ही पद्धत बसवली. रॉक अँड रोलने कंट्रीचं गिऱ्हाईक पळवलं होतं, ते परत आणायचं होतं. मग फिडल आणि स्टील गिटार मागे सारली, व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस पुढे आणले. तीन तासांचं एक सेशन, त्यात तीन-चार गाणी उरकायची, आणि साथीला शहरातले ठरलेले वादक. गायक रोज ज्यांच्याबरोबर दौऱ्यावर फिरतो ते त्याचे स्वतःचे वादक स्टुडिओबाहेर. 'नॅशव्हिल साउंड म्हणजे काय?' असं अ‍ॅटकिन्सला कुणी विचारलं की तो खिशातली नाणी खुळखुळवायचा म्हणतात.

त्या काळाला नुसती नावं ठेवू नका. मला स्वतःला ते संगीत आवडतं. अ‍ॅटकिन्स स्वतः अव्वल गिटारवादक होता, आणि 'क्रेझी' ऐकून त्या पद्धतीला वाईट म्हणणाऱ्याला आधी कान तपासून घ्यायला सांगावं. अडचण एवढीच होती की सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवला जात होता.

आता गाण्याच्या चालीकडे लक्ष द्या. ओळ अपेक्षेपेक्षा जरा उशिरा पडते, मधेच ताणली जाते. ही चाल बांधणारा विली नेल्सन. हा पठ्ठ्या स्वतः गायचा तेव्हा तर ठेक्याला सरळ हुलकावणी द्यायचा: कधी मागे रेंगाळायचा, कधी पुढे पळायचा आणि बरोबर समेवर येऊन उभा राहायचा. आपल्या बैठकीत याला दाद मिळते. नॅशव्हिलमध्ये त्याची गाणी इतरांनी गाऊन गाजवली, पण त्याने स्वतः गायलेल्या रेकॉर्ड फारशा खपत नव्हत्या.

दुसरी पायरी: वेलनचा ठेका

आता थेट १९७३. वेलन जेनिंग्जचा 'हॉन्की टॉंक हीरोज'. हॉन्की टॉंक म्हणजे गुत्ता: बिअर, ज्यूकबॉक्स आणि नाचायला थोडी मोकळी जागा. हेडफोन लावून ऐका आणि पहिल्या फेरीत शब्दांकडे बिलकुल लक्ष देऊ नका. बास आणि ड्रम पकडा. 'क्रेझी'त ते पायघड्यांसारखे पायाखाली असतात. इथे ते पुढे येऊन उभे राहतात.

कंट्रीत ड्रम ही तशी वादाचीच गोष्ट होती. 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या सर्वांत मानाच्या रेडिओ कार्यक्रमात ड्रमना कितीतरी वर्षं थारा नव्हता. वेलन मात्र घडला रॉक अँड रोलमध्ये. टेक्ससमधल्या लिटलफील्डचा हा पोरगा रॉक अँड रोलचा तारा बडी हॉली याच्या बँडमध्ये बास वाजवायचा. फेब्रुवारी १९५९ मध्ये हॉलीचं विमान कोसळलं, त्यातली आपली जागा वेलनने आजारी असलेल्या गायक बिग बॉपरला दिली होती. निघताना हॉली बसने जाणाऱ्या वेलनला गमतीत म्हणाला, तुमची बस गारठून जावो. वेलनने तसंच गमतीत उत्तर दिलं, तुझं विमान पडो. ते वाक्य त्याने पुढे जन्मभर वाहिलं.

आरसीए कंपनीत तो १९६०च्या दशकात आला आणि त्याला तोच मापाचा सदरा मिळाला. १९७२ साल उजाडेपर्यंत तो कर्जात होता, काविळीने आडवा झाला होता आणि धंदा सोडायच्या बेतात होता. तेव्हा त्याचा ड्रमर रिची ऑलब्राइट याने समजावलं की रॉकवाले लोक आपल्या रेकॉर्ड आपल्या पद्धतीने करतात, तुलाही करता येतील. मग न्यूयॉर्कचा नील रेशन हा मॅनेजर आला, जो जॅझवाल्या मायल्स डेव्हिसचंही काम बघायचा. करार नव्याने मांडायला बसले. या बैठकीचा किस्सा वेलन रंगवून सांगायचा: पंचवीस हजार डॉलर्सवरून घोडं अडलं, खोलीत कुणी बोलेना, वेलन न बोलता उठून बाहेर गेला. कंपनीवाल्यांना वाटलं, भडकून निघाला. त्यांनी रक्कम मान्य केली. तो गेला होता लघवीला.

त्या करारात वेलनला आपले वादक घेऊन आपल्या मर्जीने रेकॉर्ड करण्याचा हक्क मिळाला. पुढे तो कंपनीचा स्टुडिओ सोडून गायक टॉम्पॉल ग्लेझरच्या खासगी स्टुडिओत जाऊन बसला. एकोणिसाव्या अ‍ॅव्हेन्यूवरचं हे ठिकाण 'हिलबिली सेंट्रल' म्हणून ओळखलं जायचं. कलाकारांनी कंपनीच्याच स्टुडिओत, कंपनीच्याच तंत्रज्ञांकडून रेकॉर्ड करावं असा आरसीएचा दंडक होता. तो मोडला. १९७७ मध्ये आरसीएने नॅशव्हिलमधले आपले स्टुडिओ बंदच केले.

'हॉन्की टॉंक हीरोज'मधली एक सोडून बाकी सगळी गाणी बिली जो शेव्हरची. तरुणपणी लाकडाच्या गिरणीत उजव्या हाताची बोटं गमावलेला, फारसं कुणाला माहीत नसलेला गीतकार. टेक्ससमध्ये १९७२ साली वेलनने त्याचं एक गाणं ऐकलं आणि सगळा अल्बम तुझ्या गाण्यांचा करतो असा शब्द दिला. मग विसरला. शेव्हर नॅशव्हिलला येऊन महिनोन्‌महिने त्याच्या मागे फिरला. शेवटी स्टुडिओत गाठलं. वेलनने शंभर डॉलर्स देऊन कटवायचा प्रयत्न केला, तेव्हा सगळ्यांदेखत 'गाणी ऐक, नाहीतर इथेच हाणामारी' अशी शेव्हरने धमकी दिली. वेलन म्हणाला, एक म्हण. आवडलं तर दुसरं म्हण. नाही आवडलं की चालू पडायचं. शेव्हर म्हणत गेला.

हा अल्बम दोनदा ऐकून झाला की १९७५ सालचं 'आर यू शुअर हँक डन इट धिस वे' लावा. हँक म्हणजे हँक विल्यम्स, कंट्रीचा आद्य पुरुष. त्याला १९५२ मध्ये ऑप्रीने काढून टाकलं आणि पुढच्या १ जानेवारीला मोटारीच्या मागच्या सीटवर एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. गाण्यात वेलन त्या परंपरेलाच विचारतो की बाबांनो, हे चमचमते कपडे आणि मोठाल्या गाड्या हँकच्या रीतीत बसतात का? चाल जवळजवळ जागची हलत नाही. ड्रम एकाच जागी खिळा ठोकल्यासारखा पडत राहतो आणि त्याच्यावर वेलनची टेलिकास्टर गिटार, आवाज लहरवणारं फेझर नावाचं यंत्र लावलेली, पाण्याखालून आल्यासारखी. मागून राल्फ मूनीची पेडल स्टील येते. हे वाद्य नवीन असेल तर सोपी खूण: सारंगीत मींड येते तसा एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणारा धातूचा आवाज ऐकू आला की समजा पेडल स्टील. एकदा ओळखता आली की कंट्री ऐकण्यातली निम्मी अडचण संपते.

तिसरी पायरी: एका बैठकीत 'रेड हेडेड स्ट्रेंजर'

विलीचं नॅशव्हिलजवळचं घर जळालं. आत धावत जाऊन त्याने गिटार वाचवली. (गांजाही वाचवला, हे तो स्वतःच सांगतो.) मग १९७२ मध्ये तो टेक्ससमधल्या ऑस्टिनला जाऊन राहिला. तिथे नॅशनल गार्डच्या जुन्या इमारतीत आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स नावाचं सभागृह होतं. लांब केसांची हिप्पी पोरं आणि गुरं राखणारे, बूट घालणारे गडी एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते, ते इथे एका छताखाली बिअर पीत. विलीने ऑगस्ट १९७२ मध्ये तिथे गाऊन पाहिलं आणि त्याला त्याचा श्रोता सापडला. दाढी वाढली, सूट गेला.

१९७५ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी त्याने 'रेड हेडेड स्ट्रेंजर' केला. डॅलसजवळच्या गार्लंड गावातला स्टुडिओ, खर्च चार हजार डॉलर्सच्या आसपास. बेइमान बायकोला आणि तिच्या प्रियकराला ठार मारून भटकणाऱ्या एका धर्मोपदेशकाची ही गोष्ट आहे, म्हणून गाणी उलटसुलट ऐकू नका. शफल बंद करा. सगळा अल्बम पाऊण तासाच्या आत संपतो.

वाद्यं मोजा. गिटार, बहीण बॉबी नेल्सनचा पियानो, मिकी राफेलचा माउथ ऑर्गन, अगदी बेताचा बास आणि ड्रम. मी हा अल्बम पहिल्यांदा रात्री जेवणानंतर दिवे घालवून ऐकला. तिसऱ्या गाण्याला वाटलं, काहीतरी राहून गेलंय. पुढे भरगच्च काहीतरी येईल म्हणून वाट पाहत राहिलो, ते आलंच नाही, आणि 'ब्लू आइज क्रायिंग इन द रेन' सुरू झालं तेव्हा वाट पाहणं आपोआप थांबलं. कंपनीतल्या साहेबलोकांचीही पहिली प्रतिक्रिया माझ्यासारखीच होती: हा तर कच्चा नमुना आहे, खरी रेकॉर्ड कुठाय? पण शेवटचा शब्द करारानुसार विलीचा होता. जसा होता तसाच निघाला, आणि फ्रेड रोजने कितीतरी आधी लिहिलेलं ते जुनं गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. गायक म्हणून विलीचं हे पहिल्या क्रमांकावर गेलेलं पहिलंच गाणं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

त्याच्या गिटारचं नाव ट्रिगर. मार्टिन एन-२०, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार. ती पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चकतीने, वाजवायची नसतेच, विली वाजवतो, म्हणून लाकूड झिजून तिला मूळ भोकाशेजारी दुसरं भोक पडलंय. फोटो शोधून बघा. तिचा किंचित फुटका, लाकडी आवाज एकदा कानात बसला की शंभर गिटारींत ओळखू येतो.

चौथी पायरी: लिहिणारे

या बाजात गाणारे जेवढे महत्त्वाचे तेवढेच लिहिणारे. क्रिस क्रिस्टोफरसन हा ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेला, लष्करात हेलिकॉप्टर चालवलेला माणूस. सगळं सोडून नॅशव्हिलला आला आणि कोलंबियाच्या स्टुडिओत झाडूपोछा करू लागला. घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही आईबापाला येईल. त्याचं 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' आधी जॉनी कॅशच्या आवाजात ऐका, मग त्याच्या स्वतःच्या. आवाज त्याला फारसा नव्हताच, तो तसं मान्यही करायचा. पण रविवारच्या सकाळचं रिकामपण त्याच्याइतकं नेमकं कुणी मांडलेलं मला माहीत नाही. सॅमी स्मिथने गायलेलं त्याचं 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' इथेच ऐकून घ्या. १९७० साली एका बाईने रात्रीच्या सोबतीची मागणी इतक्या सरळ, लाजेशिवाय गावी, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

टाउन्स व्हॅन झांट आणि गाय क्लार्क हे दोघे रूढ अर्थाने आउटलॉ टोळीतले नाहीत. तरी टाउन्सचं 'पँचो अँड लेफ्टी' आणि क्लार्कचा 'ओल्ड नंबर वन' हा अल्बम चुकवू नका. 'पँचो अँड लेफ्टी' विली आणि गायक मर्ल हॅगर्ड यांनी १९८३ मध्ये गाजवलं. माझं मत विचाराल तर टाउन्सचंच जास्त लागतं.

बोली कळत नाही ही तक्रार इथे सुरू होते. टेक्ससचे उच्चार सैल असतात, शब्द एकमेकांत विरघळतात. पहिल्या दोन वेळा नुसतं ऐका, तिसऱ्यांदा शब्द समोर ठेवा. उलट केलंत तर गाणं बाजूला राहील आणि डोळे नुसते ओळी वाचत बसतील.

पाचवी पायरी: पोस्टर बघा, पण जपून

'आउटलॉ' हे नाव चिकटलं कसं? ग्लेझरच्या स्टुडिओत प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या हेझल स्मिथने १९७३च्या सुमाराला ते वापरात आणलं असं मानतात. वेलनचा 'लेडीज लव्ह आउटलॉज' हा अल्बम त्याआधी वर्षभर बाजारात आलाच होता. मग जानेवारी १९७६ मध्ये आरसीएने 'वाँटेड! द आउटलॉज' काढला. मुखपृष्ठावर जुन्या काळच्या फरार गुन्हेगारांच्या पोस्टरसारखे चार चेहरे: वेलन, विली, वेलनची बायको जेसी कोल्टर आणि टॉम्पॉल ग्लेझर. दहा लाखांवर खप झाल्याचं प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालेला हा पहिला कंट्री अल्बम.

हा अल्बम जुळवला कंपनीचा नॅशव्हिलमधला प्रमुख जेरी ब्रॅडली याने. ओवेन ब्रॅडलीचा मुलगा! बापाने जी पद्धत बसवली तिच्याविरुद्धचं बंड पोराने पाकिटात घालून विकलं. आतली बरीच गाणी आधी कधीतरी येऊन गेलेली. 'गुड हार्टेड वुमन'मध्ये प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू येतो आणि वेलन-विली मंचावर शेजारी उभे असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात वेलनच्या कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगवर विलीचा आवाज नंतर चढवलाय. हे कळल्यावर मला आधी फसवल्यासारखं वाटलं, मग हसू आलं. गाणं आजही झकास आहे.

जेसी कोल्टरला मात्र 'वेलनची बायको' म्हणून बाजूला सारू नका. 'आय अ‍ॅम नॉट लिसा' (१९७५) तिने स्वतः लिहिलेलं, पियानोवर गायलेलं गाणं. नवरा झोपेत किंवा जागेपणी पहिलीचं नाव घेतो, त्याला ती शांतपणे सांगते की मी ती नव्हे. या सगळ्या दणदणाटात हे तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं काळजाला सर्वांत खोल लागतं.

वेलनलाच पुढे त्या नावाचा उबग आला. १९७७ मध्ये कोकेनच्या प्रकरणात त्याच्या स्टुडिओवर धाड पडली. आरोप नंतर मागे घेतले गेले, पण त्याने त्यावर गाणं केलं. मथळ्याचा आशय असा की हे आउटलॉ प्रकरण जरा अतीच झालंय, नाही का?

तुरुंगाची बाजू

याला वेगळी पायरी करत नाही, कारण बहुतेक नवे लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. जॉनी कॅशने जानेवारी १९६८ मध्ये फॉलसम तुरुंगात केलेला कार्यक्रम जरूर ऐका, कैद्यांचा आवाज अंगावर येतो. पण कॅशने शिक्षा म्हणून तुरुंगवास कधी भोगला नाही, पोलिस कोठडीतल्या रात्री तेवढ्या काढल्या. खरा आत राहून आला तो मर्ल हॅगर्ड. सॅन क्वेंटिन तुरुंगात कॅश गायला आला तेव्हा हा कैद्यांत बसून ऐकत होता. त्याचं 'मामा ट्राइड' ऐका. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रेगन यांनी त्याला माफी दिली. संगीताच्या दृष्टीने हॅगर्ड कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा, ते घराणं वेगळं.

गायक-गीतकार डेव्हिड अ‍ॅलन को याच्याबद्दल सावध करतो. 'टेक धिस जॉब अँड शव्ह इट' हे जॉनी पेचेकने १९७७ मध्ये गाजवलेलं गाणं त्याचंच, नोकरीला कंटाळलेल्या कुणालाही पाठ व्हावं असं. पण त्याच्या गुपचूप विकल्या गेलेल्या अल्बममधल्या काही गाण्यांत उघड वर्णद्वेष आहे. शोधताना ती समोर येतात, बंडखोरीच्या नावाखाली ती खपवून घ्यायचं कारण नाही.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी

स्ट्रीमिंगवर गाणं लावताना साल तपासा. यातल्या अनेकांनी म्हातारपणी आपली जुनी गाणी पुन्हा रेकॉर्ड केली आणि 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये तीच घुसडलेली असतात. माझ्या त्या पहिल्या प्लेलिस्टमध्ये निम्मी तसलीच होती. मूळ अल्बमचं नाव टाकून शोधा.

'हायवेमेन' म्हणजे कॅश, वेलन, विली आणि क्रिस्टोफरसन यांची १९८५ पासूनची चौकडी, ती सगळ्यांत शेवटी ऐका. चौघांची ओळख झाल्यावर प्रत्येकाचं कडवं आलं की घरचं माणूस दारात आल्यासारखं वाटतं. ओळख नसताना ते चार म्हातारे.

आजचं ऐकायचं असेल तर जेमी जॉन्सनचा 'दॅट लोनसम साँग' (२००८), स्टर्गिल सिम्पसनचा 'मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक' (२०१४) आणि मार्गो प्राइसचा 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर' (२०१६) या क्रमाने घ्या. सिम्पसनच्या आवाजात वेलन ऐकू येतो असं सगळेच म्हणतात, तो त्यावर वैतागतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये नॅशव्हिलला कंट्रीचा मोठा पुरस्कार सोहळा आत चालू होता आणि हा गडी बाहेर फुटपाथवर गिटार घेऊन उभा होता, पुढ्यात गिटारची पेटी उघडी, पेटीत त्याच वर्षी मिळालेला ग्रॅमी, येणारे-जाणारे त्यात नोटा टाकतायत. त्याचा व्हिडिओ सापडतो. आधी वरचा आठवडा पुरा करा, मग बघा.